ऱ्हाईन की डॅन्यूब? तीन पिढ्यांच्या नदीप्रवासामागचा इतिहास



मागच्या वेळी डॅन्यूबवरचं व्याख्यान संपलं आणि नंतर चहाच्या वेळी एकच प्रश्न आमच्याकडे तीन-चार घरांतून आला. "आई पंच्याहत्तरीची आहे, गुडघे दुखतात. धाकटा नऊ वर्षांचा, एका जागी बसत नाही. सगळ्यांनी मिळून एकदा युरोपातली नदीवरची क्रूझ करू म्हणतोय. ऱ्हाईन घ्यावी की डॅन्यूब?"

इतिहासाच्या व्याख्यानमालेत हा प्रश्न जरा वेगळा वाटेल. पण आम्ही कंपन्यांची माहितीपत्रकं समोर घेऊन बसलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. बोट केवढी, खोली केवढी, कुठे थांबणार, कोणत्या महिन्यात पाणी बरं असतं, यातल्या बऱ्याच गोष्टी कंपनीने ठरवलेल्याच नाहीत. त्या नदीने, राजेलोकांच्या तहांनी आणि कालवा बांधणाऱ्या इंजिनिअरांनी केव्हाच ठरवून ठेवल्या आहेत. तो इतिहास कळला की निवड सोपी होते. म्हणून आज तोच विषय घेऊ.

सुरुवात एका कुटुंबापासून करू. साल १७६२. साल्झबुर्गचे संगीतकार लिओपोल्ड मोझार्ट, त्यांची पत्नी आना मारिया, अकरा वर्षांची मुलगी नॅनर्ल आणि सहा वर्षांचा मुलगा वोल्फगांग. मुलांचं वादन व्हिएन्नाच्या दरबारात व्हावं म्हणून ही मंडळी निघाली. पासाऊला तिथल्या बिशपच्या भेटीसाठी पाच-सहा दिवस खोळंबली. मग लिंझ. ४ ऑक्टोबरला लिंझहून नेमाने सुटणाऱ्या प्रवासी बोटीत बसली. पहिला मुक्काम माउटहाउझेनला. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट इब्स या गावी लागली. बोटीवर काही धर्मगुरू होते, ते प्रार्थनेसाठी चर्चमध्ये गेले. तेवढ्यात छोटा वोल्फगांग तिथल्या ऑर्गनवर चढला आणि असा काही वाजवू लागला की मठातले साधू जेवणाच्या पानावरून उठून ऐकायला आले. ६ तारखेला दुपारी बोट व्हिएन्नाला पोचली. तिथे जकातनाक्यावर पोराने अधिकाऱ्याशी गट्टी जमवली, त्याला व्हायोलिनवर एक मिन्युएट वाजवून दाखवला, आणि सामानाची मोठी तपासणी टळली. हे सगळं लिओपोल्ड यांनी आपल्या घरमालकांना लिहिलेल्या पत्रातून कळतं. वाटेत पाऊस होता, वारा होता, जेवणाखाण्याच्या वेळा धड नव्हत्या.

बघा, या हकिगतीत आजच्या प्रश्नाची बरीच उत्तरं आहेत. एक, मुलाला लक्षात राहण्यासारखं जे घडलं ते बोट थांबली तिथे घडलं. दोन, हा प्रवास प्रवाहाच्या दिशेने होता. परतताना या कुटुंबाने नदी धरली नाही, घोडागाडीने रस्ता धरला. आणि तीन, या बोटीत त्यांच्यासोबत आजी-आजोबा नव्हते.

परत का नाही आले नदीने? कारण वाफेच्या आधी मोठ्या नदीत उलट दिशेने जायचं तर काठावरून घोड्यांनी दोर लावून बोट ओढावी लागे. दिवसच्या दिवस जात. उल्म गावाहून डॅन्यूबमध्ये सोडल्या जाणाऱ्या साध्या लाकडी बोटी तर मुक्कामी पोचल्यावर मोडून लाकूड म्हणून विकत. अठराव्या शतकात हजारो जर्मन कुटुंबं हंगेरीत वसायला गेली ती बरीचशी अशाच बोटींतून. म्हणजे नदीचा प्रवास बहुधा एकतर्फी. हौस म्हणून म्हाताऱ्या माणसांना घेऊन निघावं असा तो नव्हताच.

ऱ्हाईनवर आणखी एक अडचण होती, जकातीची. बिंगेन ते कोब्लेन्झ हा सुमारे ६५ किलोमीटरचा दरीचा पट्टा आज जागतिक वारसा आहे. तिथे दर वळणावर किल्ला दिसतो आणि आपण म्हणतो, काय रम्य! पण त्यातले कित्येक किल्ले या ना त्या सरदाराच्या वसुलीसाठी उभे होते. काउब गावासमोर नदीच्या मधोमध एका खडकावर बोटीच्या आकाराचा छोटा किल्ला आहे, फाल्झग्राफेनश्टाइन. तो १३२७ च्या सुमारास जकात वसुलीसाठीच बांधला. नदीत साखळी लावून बोटी अडवायच्या आणि पैसे घेऊन सोडायच्या. हे काउब लक्षात ठेवा, आपण पुन्हा तिथे येणार आहोत.

मग दोन गोष्टी बदलल्या. पहिली कायद्याची. नेपोलियनच्या पाडावानंतर १८१५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत ठरलं की अनेक देशांतून वाहणाऱ्या नद्यांवर वाहतूक सगळ्यांना खुली असावी. ऱ्हाईनसाठी एक कायमचा आयोग नेमला. तो आजही काम करतो. १८६८ च्या मानहाइम करारानंतर ऱ्हाईनवर जहाजांना नदी वापरल्याबद्दल जकात उरली नाही. डॅन्यूबसाठी तसा युरोपीय आयोग १८५६ मध्ये आला, तोही आधी मुखाजवळच्या भागापुरता.

दुसरी गोष्ट वाफ. १८२७ मध्ये कलोन आणि माइन्झच्या दरम्यान नियमित आगबोट सुरू झाली. १८३० मध्ये 'फ्रान्झ पहिला' ही आगबोट व्हिएन्नाहून पेस्टला गेली. आता नदीने जाता येऊ लागलं आणि परतही येता येऊ लागलं, तेही ठरलेल्या वेळेला. लगेच मार्गदर्शक पुस्तकं निघाली. कार्ल बेडेकर यांची प्रवासी पुस्तकं पुढे जगभर गेली, त्यांची सुरुवात ऱ्हाईनच्या प्रवासावरच्या एका पुस्तकापासून झाली. १८५५ मध्ये थॉमस कुक यांनी इंग्रज पर्यटकांना पहिल्यांदा युरोपच्या मुख्य भूमीवर नेलं, त्यातही ऱ्हाईन होती. जिथे अडवून पैसे घेत तोच किल्ला आता लोक पैसे देऊन पाहायला येऊ लागले.

आता आजच्या बोटीकडे येऊ. ऱ्हाईन आणि डॅन्यूब जोडाव्यात ही कल्पना फार जुनी. शार्लमेनने ७९३ मध्ये खणायला घेतलं होतं. बव्हेरियाच्या पहिल्या लुडविग राजाने १८४६ मध्ये कालवा पुरा केला, पण त्यात शंभर लॉक होते आणि पुढे रेल्वे आली. लॉक म्हणजे पाण्याचा जिना म्हणा ना. बोट आत घ्यायची, दारं लावायची, पाणी भरून वर उचलायची. आजचा कालवा १९९२ मध्ये पुरा झाला. १७१ किलोमीटर, सोळा लॉक, आणि सर्वांत उंच टप्पा समुद्रसपाटीपासून ४०६ मीटरवर.

या कालव्याचे लॉक १९० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद आहेत. दोन्ही नद्यांवर चालायचं असेल तर बोट १२ मीटरपेक्षा अरुंद हवी. म्हणून मोठ्या बोटी साधारण १३५ मीटर लांब आणि साडेअकरा मीटरच्या आत रुंद असतात, लांबट काकडीसारख्या. पूल बुटके, म्हणून तीनच मजले. पूल आला की कप्तानाची खोली खाली सरकते, वरच्या डेकचे कठडे आडवे होतात आणि तो डेक कधीकधी दिवस-दिवस बंद ठेवतात.

आपल्या कुटुंबासाठी याचा अर्थ काय? खोल्या लहान, बहुतेक दोघांच्याच. तिघांची किंवा मध्ये दार असलेली खोली फार थोड्या बोटींवर, तीही लवकर संपते. सर्वांत खालच्या मजल्यावर खिडकी उंच आणि छोटी, आजीला पलंगावर बसून नदी दिसणार नाही. लिफ्ट असते, पण बहुधा वरच्या डेकपर्यंत जात नाही. धक्क्यावर जागा कमी पडली की बोटी एकीला एक लावून उभ्या करतात. मग किनाऱ्यावर उतरायला दुसरी बोट ओलांडायची, कधी तिच्या वरच्या डेकवरून जिने चढून-उतरून. माहितीपत्रकातल्या फोटोत हे दिसत नाही. आणि काही कंपन्या लहान मुलांना घेतच नाहीत, तर काही मुद्दाम कुटुंबांसाठी वेगळ्या तारखा ठेवतात. हे पैसे भरण्याआधी विचारायचं.

आता महिना. इथे आपण काउबला परत येतो. त्या जकातीच्या किल्ल्याजवळ पाण्याची पातळी मोजतात आणि त्या आकड्यावर मधल्या ऱ्हाईनची वाहतूक चालते. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो आकडा २५ सेंटिमीटरपर्यंत उतरला. ही नदीची खोली नव्हे, मोजपट्टीवरचा आकडा, पण तो इतका खाली गेला की लोक किल्ल्यापर्यंत कोरड्या पायाने चालत गेले. अशा वेळी क्रूझचा काही भाग बसने करावा लागतो. पंच्याहत्तरीच्या आईला रोज बसमध्ये चढवायचं-उतरवायचं असेल तर क्रूझ घेतली कशाला? उलट, जून २०१३ मध्ये पासाऊला डॅन्यूब १२.८९ मीटरपर्यंत चढली. तिथल्या नगरभवनाच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा आहेत, त्यात १५०१ नंतरची ही सर्वांत उंच. पूर आला की बोटी पुलाखालून जात नाहीत.

ऱ्हाईनला आल्प्सच्या बर्फाचं पाणी मिळतं. त्यामुळे मे-जूनमध्ये पाणी बहुधा बरं असतं आणि शरद ऋतूत ते उतरतं. म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी ऱ्हाईनला सोयीची आणि दिवाळीची सुट्टी धोक्याची. डॅन्यूबवर बव्हेरियातल्या श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन या पट्ट्यात धरण नाही, तिथे बोटी अडकतात. पासाऊपासून सुरू होणारी फेरी घेतली की हा पट्टा टळतो. पुढे ऑस्ट्रियात बरीच धरणं आहेत. मोझार्टच्या काळी ग्राइनजवळच्या भोवऱ्यांना नावाडी घाबरत. इब्सच्या धरणाने ते पाण्याखाली गेले. वाखाऊची दरी आणि व्हिएन्नाच्या पुढचा भाग मात्र अजून मोकळा वाहतो. तिथे पाणी उतरलं तर अडचण येऊ शकते.

आता थांब्यांचं. व्हिएन्नात डॅन्यूब जुन्या शहराला लागून नाही. पुरांना कंटाळून १८७० ते १८७५ मध्ये नदीचं पात्र सरळ केलं. म्हणून बोट लागते तिथून मध्यवर्ती चर्चला जायला मेट्रो किंवा बस लागते. बुडापेस्टला उलट, बोटी बहुधा शहराच्या मध्यातच लागतात. मेल्कचा मठ टेकडीवर आहे. ऱ्हाईनवर र्‍यूडेसहाइम, बोपार्ड ही गावं धक्क्यावर उतरलं की समोर, आणि कलोनचं कॅथेड्रल नदीपासून जवळ. मात्र तिथल्या मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या नऊ वर्षांच्या मुलासाठी ठेवा.

मग काय निवडायचं? आमची कसोटी एकच. घरात ज्याला सर्वांत कमी चालता येतं, त्याला खुर्चीत बसून काय मिळतं ते आधी बघा. ऱ्हाईनचा सर्वांत चांगला भाग बोटीवरूनच दिसतो. डॅन्यूबचं पुष्कळसं वैभव, राजवाडे, मठ, संग्रहालयं, उतरून चालल्यावर मिळतं. आईचे गुडघे दुखत असतील तर मे महिन्यातली ऱ्हाईन घ्या. फक्त दरीचा पट्टा दिवसाउजेडी आहे ना, हे विचारा. जमलं तर प्रवाहाच्या उलट जाणारी फेरी घ्या, बोट हळू जाते, किल्ले जास्त वेळ दिसतात. सगळे चालते-फिरते असतील तर पासाऊ ते बुडापेस्ट उत्तम. मुलांना लॉकची गंमतही तिथे भरपूर.

आणि एक तिसरा मार्ग, जो क्रूझ विकणारे सांगत नाहीत. १८२७ च्या त्या आगबोटींची परंपरा अजून चालू आहे. ऱ्हाईनवर आणि वाखाऊमध्ये दिवसाच्या प्रवासी बोटी नियमित सुटतात. बोपार्डसारख्या गावात चार दिवस घर घ्यायचं, स्वयंपाकघर असलेलं. वरण-भात घरी होतो. ज्याला जमेल त्याने किल्ला चढावा. आजीने एक दिवस बोटीने जाऊन यावं, दुसऱ्या दिवशी काठावर बसावं. खर्च कमी आणि कुणालाही कुणासाठी घाई नाही.

शेवटी कुटुंबाने एकत्र जायचं ते एकत्र राहायला. तिघे शहर बघतायत आणि आई पाच दिवस केबिनमध्ये एकटी, असं होणार असेल तर ती तीन पिढ्यांची सहल नव्हे. इब्सला मोझार्टची बोट थांबली ती एका दुपारीच, पण चर्च धक्क्यापासून सहा वर्षांच्या मुलाला चालत जाता येईल इतकं जवळ होतं. बोट कुठे, किती वेळ थांबते आणि तिथून किती चालायचं, हे तीन आकडे प्रत्येक थांब्यासाठी कंपनीकडून लिहून घ्या. मग आईला दाखवा आणि तिलाच ठरवू द्या.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.