पुरावा म्हणून रंगवलेला मृत्यू

सप्टेंबर १७९२ मध्ये फ्रान्समधील राजेशाही बरखास्त होऊन प्रजासत्ताक घोषित झाले, तेव्हा नव्या सत्तेपाशी कायदे करणारी सभा होती, सैन्य होते आणि वृत्तपत्रेही होती. परंतु ज्यांच्या नावाने सामान्य माणूस हळहळेल आणि पेटूनही उठेल अशी माणसे तिच्यापाशी नव्हती. शतकानुशतके हे काम राजाच्या प्रतिमेने आणि चर्चमधील संतांच्या चित्रांनी केले होते. ही उणीव पुढच्या एका वर्षात भरून निघाली, आणि ती भरून काढण्यात झाक-लुई दाविद या चित्रकाराचा वाटा सर्वांत मोठा होता. दाविद सत्तेच्या बाहेर बसून चित्रे काढणारा कलावंत नव्हता. ‘कन्व्हेन्शन’ या सर्वाधिकारी राष्ट्रीय सभेचा तो निर्वाचित सदस्य होता, सोळाव्या लुईला देहान्ताची शिक्षा व्हावी असे मत त्याने दिले होते, आणि सप्टेंबर १७९३ पासून पोलीस व अटकेचे अधिकार असलेल्या सर्वसाधारण सुरक्षा समितीवर बसून तो अटकेच्या हुकमांवर सह्या करीत होता. त्याने रंगवलेल्या हुतात्म्यांकडे पाहताना ही गोष्ट क्षणभरही विसरून चालत नाही.

पहिली संधी २० जानेवारी १७९३ रोजी आली. राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत देणारा लपलतिए हा उमराव घराण्यातील सदस्य पॅरिसमधील पाले-रोयाल येथील एका भोजनगृहात बसला असताना, राजाच्या अंगरक्षक दलातील एका माजी शिपायाने त्याच्या पोटात तलवार खुपसली. दुसऱ्या दिवशी राजाचा शिरच्छेद झाला, आणि त्यानंतर तीन दिवसांनी लपलतिएचे शव व्हांदोम चौकात, चौदाव्या लुईचा पुतळा उखडून टाकल्यावर रिकाम्या उरलेल्या चौथऱ्यावर, जखम सर्वांना दिसेल अशा रीतीने उघड्या अंगाने ठेवण्यात आले. ही मांडणी दाविदची होती. मार्चच्या अखेरीस त्याने लपलतिएचे मृत्युशय्येवरील चित्र कन्व्हेन्शनला अर्पण केले. त्यात शवाच्या वर एका बारीक धाग्याला टांगलेली तलवार होती, आणि तिच्या पात्याने भेदलेल्या कागदावर राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने दिलेले मत लिहिलेले होते. मत हेच मरणाचे कारण, हे ज्याला चित्रकलेतले काहीही कळत नाही त्यालाही कळावे अशी ही योजना होती. मूळ चित्र मात्र आज उपलब्ध नाही. दाविदच्या मृत्यूनंतर ते लपलतिएच्या मुलीने विकत घेतले. पित्याच्या हत्येनंतर कन्व्हेन्शनने जिला ‘राष्ट्राची कन्या’ म्हणून दत्तक घेतले होते, तीच ही मुलगी. पुढे ती कट्टर राजनिष्ठ झाली होती, आणि तिच्या हाती गेल्यावर ते चित्र कोणाच्याही दृष्टीस पडले नाही. एका शिष्याने केलेले रेखाटन आणि एका छापील प्रतीचा फाटका तुकडा एवढ्यावरूनच त्याची कल्पना करावी लागते.

झां-पोल मारा याची हत्या १३ जुलै १७९३ रोजी संध्याकाळी झाली. ‘लोकमित्र’ या अर्थाच्या नावाचे वृत्तपत्र चालवणारा हा वैद्य आणि संपादक देशद्रोह्यांची शिरे उडवण्याची मागणी सातत्याने करीत असे. अंगभर पसरलेल्या त्वचारोगाचा दाह कमी व्हावा म्हणून तो तासन्‌तास औषधी पाण्याच्या टबात बसे आणि टबावर आडवी फळी टाकून लिहीत असे. नॉर्मंडीतील काँ या गावाहून आलेली चोवीस वर्षांची शार्लोत कोर्दे जिरोंदिन विचारांची होती, म्हणजे जूनच्या आरंभी कन्व्हेन्शनमधून हाकलून दिलेल्या मवाळ गटाला मानणारी होती. त्या गटाचे काही नेते काँ येथे आश्रयाला आले होते. त्यांच्या हालचालींची माहिती देते असे सांगून तिने माराच्या खोलीत प्रवेश मिळवला. न्यायालयात तिने दिलेल्या जबाबानुसार मारा ती सांगेल ती नावे लिहून घेत होता, आणि या सर्वांना लवकरच गिलोटिनवर चढवू असे त्याने म्हटल्यावर तिने सुरा चालवला. दुसऱ्याच दिवशी कन्व्हेन्शनमध्ये पॅरिसच्या एका विभागाच्या प्रतिनिधीने दाविदला उद्देशून, लपलतिएप्रमाणे आता आणखी एक चित्र काढायचे आहे, असे भर सभेत सांगितले, आणि दाविदने ते मान्य केले. मारा ज्या अवस्थेत मरण पावला त्याच अवस्थेत, हातात लेखणी असलेला असा, लोकांना दाखवावा अशीही दाविदची इच्छा होती; परंतु जुलैच्या उकाड्यात आणि त्या रोगाने शव इतक्या झपाट्याने बिघडले की ओल्या कापडात गुंडाळून कोर्दलिए मठाच्या चर्चमध्ये ठेवण्यापलीकडे काही करता आले नाही, आणि १६ जुलैच्या रात्री दफन उरकावे लागले. शवाकडून जे साधता आले नाही ते कॅनव्हासकडून साधून घेण्याचे काम त्यानंतर सुरू झाले.

आज ब्रसेल्सच्या शाही कलासंग्रहालयात असलेले हे चित्र १६५ सेंटिमीटर उंच आणि १२८ सेंटिमीटर रुंद आहे, आणि त्याचा वरचा अर्धा भाग पूर्णपणे रिकामा आहे. माराच्या खोलीत खांबांची नक्षी असलेला भिंतीचा कागद होता, फ्रान्सचा नकाशा टांगलेला होता. दाविदने ते सारे पुसून तिथे फक्त करडा-तपकिरी अंधार ठेवला. त्वचा नितळ आहे, जखम म्हणजे गळ्याच्या हाडाखालची एक छोटी फट आहे, आणि टबाबाहेर लोंबणारा उजवा हात क्रुसावरून उतरवलेल्या येशूच्या चित्रांतील हाताशी इतका मिळताजुळता आहे की चर्चमध्ये लहानाचा मोठा झालेला कोणताही फ्रेंच माणूस तो नकळत ओळखत असणार. टबावर अंथरलेल्या चादरीला ठिगळ लावलेले आहे. लेखनाच्या मेजाऐवजी एक साधे लाकडी खोके आहे, आणि त्यावर थडग्यावरील शिळेप्रमाणे ‘मारास, दाविदकडून’ एवढीच अक्षरे आणि ‘वर्ष दुसरे’ असा प्रजासत्ताकाच्या नव्या कालगणनेचा उल्लेख आहे.

खरी किमया मात्र कागदांत आहे. माराच्या डाव्या हातात कोर्देची चिठ्ठी असून तिच्यावरील तारीख, तिचे पूर्ण नाव आणि मजकूर सहज वाचता येतो: आपण अत्यंत दुःखी आहोत एवढ्यानेच आपण त्याच्या दयेस पात्र ठरतो, असे तीत म्हटले आहे. खोक्यावर दुसरा कागद आहे, आणि त्याच्यासोबत असिन्या, म्हणजे क्रांतिकाळात चलन म्हणून वापरली जाणारी कागदी नोट आहे. ज्या विधवेचा नवरा देशासाठी पडला आणि जिच्या पदरात पाच मुले आहेत तिला ही रक्कम द्यावी, अशी सूचना त्या कागदावर आहे. काँ येथील माणसांच्या नावांची यादी, जी त्या संध्याकाळच्या भेटीचा खरा विषय होती, ती चित्रात कुठेही नाही. मृत्युदंडासाठी टिपलेल्या नावांच्या जागी दाविदने दानाचा कागद ठेवला, आणि मारेकरणीच्या तोंडी माहिती देण्याच्या आमिषाऐवजी दयेची याचना घातली. ज्या चित्राचा सारा प्रभाव लिखित पुराव्यावर उभा आहे, त्या चित्रातला पुरावाच चित्रकाराने रचलेला आहे. दाविद खोटे बोलला असे म्हणणे पुरेसे नाही. क्रांतिकारी न्यायालय ज्या पद्धतीने कागद मांडून माणसाला दोषी ठरवी, तीच पद्धत त्याने चित्रात आणली, आणि म्हणूनच ते इतके अपूर्व आणि इतके अस्वस्थ करणारे चित्र झाले. कोर्दे स्वतः त्यात नाही. तिचा १७ जुलै रोजी शिरच्छेद झाला होता, आणि चित्रात तिचे नाव व जमिनीवर पडलेला रक्ताळलेला सुरा एवढेच उरले आहे.

१६ ऑक्टोबर रोजी, ज्या दिवशी राणी मारी आंत्वानेतचा वध झाला त्याच दिवशी, ही दोन्ही चित्रे लूव्हरच्या अंगणात लोकांना पाहण्यासाठी मांडली गेली, आणि नोव्हेंबरात ती कन्व्हेन्शनच्या सभागृहात लावण्यात आली. दाविदच्या कार्यशाळेत माराच्या चित्राच्या प्रती तयार झाल्या, आणि चर्चमधून हटवलेल्या संतांच्या जागी माराचे अर्धपुतळे बसू लागले.

तिसरा हुतात्मा एक मुलगा होता. चौदा वर्षांचा जोझेफ बारा डिसेंबर १७९३ मध्ये व्हांदे प्रांतातील राजनिष्ठ बंडखोरांकडून मारला गेला. त्याच्या सेनाधिकाऱ्याने कळवले ते एवढेच, की त्याने आपल्या ताब्यातील घोडे सोडून देण्यास नकार दिला. क्रांतिकारी सरकारचा प्रमुख नेता रोबेस्पिएर याने कन्व्हेन्शनमध्ये त्यात भर घातली, आणि राजाचा जयजयकार कर असे बंडखोर म्हणत असताना त्याने प्रजासत्ताकाचा जयजयकार केला असे सांगितले. या मुलाचे छापील चित्र प्रत्येक प्राथमिक शाळेत पाठवावे असाही ठराव झाला. दाविदने आपल्या चित्रातून घोडे, गणवेश आणि शत्रू हे सारेच काढून टाकले: एक विवस्त्र मुलगा जमिनीवर पडला असून त्याने प्रजासत्ताकाचे तिरंगी फुलचिन्ह छातीशी घट्ट धरले आहे. या मुलाच्या गौरवार्थ २८ जुलै १७९४ रोजी मोठा उत्सव भरवायचे ठरले होते, पण आदल्या दिवशी रोबेस्पिएरची सत्ता कोसळली आणि उत्सवाच्या दिवशीच त्याचा शिरच्छेद झाला. आव्हिन्यों येथील संग्रहालयात असलेले ते चित्र अपुरेच राहिले.

या सत्तापालटानंतर दाविदलाही तुरुंगवास घडला. माराचे अवशेष सप्टेंबर १७९४ मध्ये थोर पुरुषांच्या स्मारकमंदिरात, म्हणजे पांथेऑनमध्ये समारंभपूर्वक नेण्यात आले होते, ते अवघ्या पाच महिन्यांत बाहेर काढण्यात आले. त्याच सुमारास त्याचे पुतळे रस्त्यांवर फोडले गेले आणि कन्व्हेन्शनमधील चित्रे उतरवण्यात आली. ती चित्रकाराला परत मिळाली. नेपोलियनच्या पतनानंतर, राजाच्या मृत्युदंडाला मत दिल्याबद्दल हद्दपार झालेला दाविद १८२५ मध्ये ब्रसेल्समध्ये वारला, आणि दीर्घकाळ झाकून राहिलेले माराचे चित्र त्याच्या वंशजांकडून अखेर त्याच शहराला मिळाले.

त्या संध्याकाळचा प्रसंग १८६० मध्ये, नेपोलियनच्या पुतण्याच्या राजवटीत, पोल बोद्री या चित्रकाराने पुन्हा रंगवला. त्याच्या चित्रात मारा टबात कलंडलेला आहे आणि सुरा त्याच्या छातीत तसाच आहे. दाविदने पुसलेला फ्रान्सचा नकाशा भिंतीवर परत आला आहे, आणि त्या नकाशासमोर उजेडात ताठ उभी आहे ती शार्लोत कोर्दे.