हिवाळ्यातली अंडी आणि कोमट पाणी
अमेरिकेच्या उत्तर भागातल्या शेतांवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवाळ्यात अंडी दुर्मीळ असत. त्याचं खापर लहान दिवसांवर फोडलं जातं. पण गोठलेल्या पाण्याचा वाटाही मोठा होता. अंड्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो, आणि कोंबडी खाद्याच्या साधारण दुप्पट वजनाचं पाणी पिते. भांड्यात बर्फ झाला की तिचं खाणं कमी होतं आणि अंडी थांबतात. म्हणून घरातल्या बायका-मुलं रोज बर्फ फोडून कोमट पाणी नेत. कुठे पत्र्याच्या भांड्याखाली रॉकेलचा छोटा दिवा ठेवत. त्यात खुराडं पेटण्याची धास्ती असेच.

कुणी म्हणेल, खरा फरक पडला तो विजेच्या दिव्यांनी. प्रकाशाने अंडी वाढतात हे खरंच. पण तहानलेल्या कोंबडीपुढे दिवा लावून काय उपयोग? शिवाय १९३५ च्या सुमारास अख्ख्या अमेरिकेतल्या जेमतेम १० टक्के शेतांवर वीज होती. ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा झाला १९३६ मध्ये. तोवर हिवाळ्यातली अंडी टिकवली ती बादल्या वाहणाऱ्या हातांनी. कुक्कुटपालनाच्या इतिहासात त्या श्रमांची ठळक नोंद व्हायलाच हवी.