वर्डप्रेस मीटअप: ब्लॉगची खटपट एकमेकांकडून शिकण्याची जागा

वर्डप्रेस मीटअप म्हणजे वर्डप्रेस या सॉफ्टवेअरच्या वापरकर्त्यांनी आपापल्या शहरात भरवलेली छोटी, बहुधा मोफत बैठक. ब्लॉग लिहिणारे, छोटे व्यावसायिक, विद्यार्थी, डिझायनर आणि प्रोग्रामर तिथे एकत्र येतात. एखादा जण एक विषय समजावून सांगतो आणि मग लॅपटॉप उघडून एकमेकांच्या अडचणी सोडवल्या जातात. अशाच मंडळींच्या दिवसभराच्या किंवा दोन-तीन दिवसांच्या मोठ्या संमेलनाला वर्डकॅम्प म्हणतात.

स्वतःच्या होस्टिंगवर ब्लॉग चालवणाऱ्याला या बैठकांचा विशेष उपयोग होतो. तिथला मजकूर पूर्णपणे त्याच्या मालकीचा असतो, पण ब्लॉग बंद पडला तर तो पुन्हा उभा करण्याची जबाबदारीही त्याचीच असते. ती पेलण्यापुरते ज्ञान जवळ नसेल, तर दहा वर्षांचे लेखन एका फसलेल्या अपडेटमुळे किंवा बिघडलेल्या डेटाबेसमुळे हातचे जाऊ शकते.

अशा बैठकांची गरज का पडली?

वर्डप्रेसचा जन्मच वापरकर्त्यांच्या खटपटीतून झाला. मिशेल वाल्द्रिगी याने तयार केलेल्या 'बी टू' नावाच्या ब्लॉग सॉफ्टवेअरचे काम २००२ च्या सुमारास थंडावले. अमेरिकेतील मॅट मलनवेग हा तरुण तेच सॉफ्टवेअर वापरत होता. त्याचा कोड घेऊन काम पुढे न्यावे, असे त्याने जानेवारी २००३ मध्ये आपल्या ब्लॉगवर लिहिले. ब्रिटनमधील माइक लिटल याने त्याला प्रतिसाद दिला आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती बाहेर आली.

हे शक्य झाले ते जीपीएल या परवान्यामुळे. या परवान्याखालचे सॉफ्टवेअर कुणीही वापरू शकतो, त्याचा कोड वाचू शकतो, त्यात बदल करू शकतो आणि बदललेली प्रत इतरांना देऊ शकतो. पण अशा मोफत सॉफ्टवेअरमागे ग्राहकसेवेची खिडकी नसते. प्रश्न विचारायचा तर दुसऱ्या वापरकर्त्यालाच. ही देवाणघेवाण इंटरनेटवर चालतेच. मीटअपमध्ये ती समोरासमोर होते.

इथे एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. वर्डप्रेस डॉट ऑर्ग वरून सॉफ्टवेअर मोफत उतरवून घेता येते आणि ते कोणत्याही होस्टिंगवर बसवता येते. वर्डप्रेस डॉट कॉम ही मात्र २००५ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमॅटिक या कंपनीची सेवा आहे. तिथे होस्टिंग आणि देखभाल कंपनी करते. आपला ब्लॉग या दोहोंपैकी कुठे आहे हे आधी कळल्याशिवाय कोणत्याही अडचणीचे उत्तर नीट देता येत नाही.

मीटअप आणि वर्डकॅम्प

पहिला वर्डकॅम्प ५ ऑगस्ट २००६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भरला. 'बारकॅम्प' नावाच्या अनौपचारिक तंत्रज्ञान संमेलनांवरून त्याचे नाव पडले. भारतात फेब्रुवारी २००९ मध्ये दिल्लीत वर्डकॅम्प झाला. पुढे महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर आणि कोल्हापूर या शहरांतही वर्डकॅम्प झाले. आशिया खंडासाठीचा पहिला वर्डकॅम्प फेब्रुवारी २०२० मध्ये बँकॉकला ठरला होता, पण कोरोनाच्या साथीमुळे तो रद्द करावा लागला आणि अखेर २०२३ मध्ये तिथेच पार पडला. त्यानंतर तैपेई व मनिला येथे हे संमेलन झाले आणि २०२६ साठी मुंबईची निवड करण्यात आली.

वर्डकॅम्पचे आयोजक आणि वक्ते मानधन घेत नाहीत. बराचसा खर्च प्रायोजक उचलतात, त्यामुळे तिकीट स्वस्त ठेवता येते. अनेक ठिकाणी 'हॅपिनेस बार' नावाचे मदतीचे टेबल असते. तिथे आपला लॅपटॉप घेऊन बसायचे आणि जाणकाराला अडचण दाखवायची. 'कॉन्ट्रिब्युटर डे' या दिवशी उपस्थित लोक वर्डप्रेससाठीच काम करतात: कुणी कोड तपासतो, कुणी मदतीची पाने लिहितो, कुणी भाषांतर करतो.

मीटअपचे स्वरूप याहून साधे असते. ऑफिसातली खोली, महाविद्यालयाचा वर्ग किंवा एखादे कॅफे एवढी जागाही पुरते. अधिकृत मीटअपना काही नियम मात्र पाळावे लागतात. बैठक एखाद्या कंपनीच्या फायद्यासाठी नसून सर्व समूहासाठी असावी, येऊ इच्छिणाऱ्या कुणालाही प्रवेश असावा, काम स्वयंसेवकांनी करावे, कुणाही विश्वासू सदस्याला कार्यक्रम आखू द्यावा आणि वातावरण सर्वांना सुरक्षित वाटेल असे असावे. या नियमांमुळे नवख्या माणसाला तिथे गिऱ्हाईक म्हणून पाहिले जात नाही.

खटपट करायची ती प्रतीवर

मीटअपमध्ये नवख्याला बहुतेक वेळा मिळणारा पहिला सल्ला असा: चालू ब्लॉगवर प्रयोग करू नका, त्याच्या प्रतीवर करा. अशी प्रत तीन प्रकारे तयार करता येते.

पहिला प्रकार म्हणजे स्वतःचा संगणक. एक्सएएमपीपी सारखे मोफत पॅकेज बसवले की संगणकावरच सर्व्हर आणि डेटाबेस चालू होतो आणि त्यावर वर्डप्रेस बसवता येते. ते बाहेरच्या कुणाला दिसत नाही. दुसरा प्रकार 'स्टेजिंग'. अनेक होस्टिंग कंपन्या चालू संकेतस्थळाची अशी वेगळी प्रत काढून देतात. तिसरा प्रकार 'वर्डप्रेस प्लेग्राउंड'. यात काहीही न बसवता थेट ब्राउझरमध्येच वर्डप्रेस उघडते. एखादे प्लगइन किंवा थीम नुसती बघायची असेल तर हा मार्ग सोयीचा आहे, मात्र तिथले काम वेगळे जतन केले नाही तर ते टिकत नाही.

थीमच्या फाइलमध्ये थेट बदल करणे ही नवख्यांची नेहमीची चूक असते. थीमचे अपडेट आले की त्या फाइली नव्याने लिहिल्या जातात आणि केलेले बदल पुसले जातात. त्यासाठी 'चाइल्ड थीम' वापरतात. हे एक वेगळे फोल्डर असते. त्यातल्या स्टाइल फाइलच्या सुरुवातीला मूळ थीमच्या फोल्डरचे नाव द्यायचे आणि आपले बदल फक्त याच फोल्डरात ठेवायचे. मग मूळ थीम अद्ययावत झाली तरी आपले बदल जसेच्या तसे राहतात.

बिघाड शोधण्याची रीत

ब्लॉग उघडला आणि पांढरी कोरी पाटी दिसली की माणूस गोंधळतो. अनेकदा कारण साधेच असते: एखादे प्लगइन, थीम किंवा चुकीची लिहिलेली कोडची ओळ. मे २०१९ मध्ये आलेल्या ५.२ या आवृत्तीपासून वर्डप्रेस असा गंभीर दोष ओळखून प्रशासकाला ईमेल पाठवते. त्यातील दुव्यावरून 'रिकव्हरी मोड'मध्ये शिरून दोषी प्लगइन किंवा थीम बंद ठेवता येते.

ईमेल आलाच नाही, तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून प्लगइन्सच्या फोल्डरचे नाव तात्पुरते बदलावे. वर्डप्रेसला प्लगइन सापडत नाहीत आणि ती सगळी बंद पडतात. ब्लॉग उघडला, तर दोष त्यांच्यातच आहे हे ठरते. मग फोल्डरचे नाव पूर्ववत करून प्लगइन एकेक सुरू करत जायचे. प्लगइन जास्त असतील तर निम्मी निम्मी करून तपासणे वेगाने होते. सोळा प्लगइनांमधले एक दोषी प्लगइन या रीतीने चार फेऱ्यांत सापडते. दोन प्लगइन एकमेकांशी जुळत नसल्याने बिघाड होत असेल, तर मात्र ती जोडी शोधावी लागते.

'डीबग' सुविधा सुरू केली की वर्डप्रेस आपल्या चुका एका नोंदफाइलीत लिहू लागते. ही सुविधा वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमधून सुरू करता येते. त्या नोंदीत बहुधा दोष असलेल्या फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक असतो. काम झाल्यावर डीबग बंद करून नोंदफाइल काढून टाकावी, कारण ती बाहेरच्यांनाही वाचता येण्याचा धोका असतो.

मराठी ब्लॉगचे खास प्रश्न

मराठीत लिहिणाऱ्यांना काही अडचणी अशा येतात, ज्या इंग्रजी मार्गदर्शकांत क्वचितच सापडतात.

पहिली अडचण लेखाच्या पत्त्याची. वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून पत्त्याचा शेवटचा भाग बनवते. त्याची मर्यादा २०० चिन्हांची आहे. देवनागरी अक्षर मात्र त्यात टक्क्याच्या खुणा आणि रोमन अक्षरे-आकडे अशा सांकेतिक रूपात साठवले जाते आणि प्रत्येकाला ९ जागा लागतात. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हेही वेगवेगळे मोजले जातात. त्यामुळे साधारण २२ चिन्हांतच जागा संपते. 'गणेशोत्सवातल्या उकडीच्या मोदकांची कृती' असे शीर्षक दिले, तर पत्ता 'गणेशोत्सवातल्या-उकडीच्य' इथेच तुटतो. मोदक पत्त्यात येतच नाहीत. शिवाय असा दुवा कॉपी करून पाठवला की बऱ्याचदा टक्क्याच्या खुणांची लांबलचक माळ दिसते. लेख प्रकाशित करण्यापूर्वीच पत्ता हाताने आखूड करणे किंवा रोमन लिपीत लिहिणे हा त्यावरचा उपाय. जुन्या लेखांचे पत्ते बदलताना जपावे लागते, कारण इतरांनी दिलेले दुवे त्यावर अवलंबून असतात.

दुसरी अडचण होस्टिंग बदलताना येते. जुन्या ब्लॉगचा मजकूर नव्या जागी नेल्यावर मराठीऐवजी प्रश्नचिन्हे किंवा विचित्र रोमन चिन्हे दिसू लागतात. डेटाबेसमध्ये अक्षरे ज्या पद्धतीने साठवली आणि नव्या जागी ती ज्या पद्धतीने वाचली जात आहेत, त्यांचा मेळ बसला नाही की असे होते. विचित्र चिन्हे दिसत असतील तर मूळ मजकूर अनेकदा परत मिळवता येतो. अक्षरांच्या जागी डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हे साठवली गेली असतील, तर मात्र मूळ अक्षरे गेली असे समजावे. अशा वेळी जुनी प्रत हाच आधार असतो. म्हणून नवी जागा नीट तपासून झाल्याशिवाय जुने होस्टिंग बंद करू नये आणि बिघडलेला मजकूर 'सेव्ह' करत बसू नये.

तिसरी गोष्ट भाषांतराची. वर्डप्रेसचे पडदे, सूचना आणि बटणे मराठीत आणण्याचे काम स्वयंसेवकच करतात. यासाठी कोड यावा लागत नाही. भाषांतराच्या संकेतस्थळावर कुणीही शब्द सुचवू शकतो आणि त्या भाषेचे संपादक ते तपासून मान्य करतात. 'पोस्ट', 'ड्राफ्ट', 'विजेट' यांना मराठीत काय म्हणावे, असे प्रश्न चार जण एकत्र बसले की लवकर सुटतात.

मजकुराची प्रत आपल्या हाती

वर्डप्रेसच्या 'एक्सपोर्ट' सुविधेने लेख, पाने, प्रतिक्रिया आणि वर्ग यांची एक फाइल मिळते. पण त्यात चित्रे नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. म्हणून जुने होस्टिंग बंद झाल्यावर केवळ या फाइलीवरून चित्रे परत येत नाहीत. पूर्ण प्रतीत डेटाबेस, चित्रे-थीम-प्लगइन असलेले कंटेंट फोल्डर आणि कॉन्फिग फाइल हे तिन्ही असावे लागते. ही प्रत त्याच सर्व्हरवर ठेवून भागत नाही, ती दुसरीकडेही हवी. आणि तिच्यावरून ब्लॉग खरोखर उभा राहतो का, हे एकदा स्वतःच्या संगणकावर करून पाहावे. न तपासलेल्या प्रतीवर विसंबणे धोक्याचे असते.

मीटअपला जाताना

- एकच नेमका प्रश्न घेऊन जावे. 'ब्लॉग चालत नाही' याऐवजी 'कालच्या अपडेटनंतर चित्रे चढत नाहीत' असे सांगितले तर उत्तर लवकर मिळते.
- वर्डप्रेसची आवृत्ती, थीमचे नाव, प्लगइनांची यादी आणि दिसलेला त्रुटीचा संदेश लिहून न्यावा. 'साइट हेल्थ' पानावर यातली बरीच माहिती मिळते.
- निघण्यापूर्वी ब्लॉगची पूर्ण प्रत काढावी.
- पासवर्ड कुणालाही सांगू नये. मदत करणाऱ्याला शेजारी बसवावे आणि टंकन स्वतः करावे, म्हणजे काय केले ते लक्षातही राहते.
- उत्तर सापडले की ते लिहून ठेवावे आणि पुढच्या बैठकीत इतरांना सांगावे.

गावात मीटअप नसेल, तर सुरू करण्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही. एक जागा, ठरलेला वार आणि दोन-चार उत्सुक माणसे एवढ्यावर सुरुवात होते. अधिकृत कार्यक्रमात सामील होण्यासाठी वर्डप्रेसच्या समुदाय विभागाकडे अर्ज करता येतो आणि तो मान्य झाला की मीटअपच्या ऑनलाइन नोंदणीचा खर्च तिकडून उचलला जातो. 'वर्डकॅम्प' हे नाव मात्र परवानगीशिवाय वापरता येत नाही, कारण त्याचे हक्क वर्डप्रेस फाउंडेशनकडे आहेत. पहिल्या बैठकीसाठी सोपा विषयही पुरतो: प्रत्येकाने आपल्या ब्लॉगची प्रत काढायची आणि ती तिथेच, सगळ्यांसमोर, पुन्हा उभी करून दाखवायची.