१३.९१ टक्के: घसाऱ्याच्या एका दराची गोष्ट

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एकाने विचारलं, "सर, एक्सेलमधलं 'डीबी' म्हणजे डेटाबेस ना?" नाही. डेटाबेसची फंक्शन्स वेगळी, त्यांचीही नावं 'डी'ने सुरू होतात, म्हणून घोळ होतो. हे 'डीबी' म्हणजे डिक्लायनिंग बॅलन्स. आपली घटत्या शिलकीची पद्धत: दरवर्षी उरलेल्या किमतीवर तोच टक्का.

पण तो टक्का ठरवतं कोण? आपल्याकडे बरीच वर्षं कायदाच ठरवत होता. १९८८ च्या दुरुस्तीने १९५६ च्या कंपनी कायद्याला चौदावी अनुसूची जोडली गेली आणि सर्वसाधारण यंत्रसामग्रीला एका पाळीसाठी दर मिळाला १३.९१ टक्के. फर्निचर १८.१०, मोटारगाडी २५.८९. आर्टिकलशिप करणाऱ्या पोरांना हे पाढ्यासारखे पाठ. हे दशांश आले कुठून, असं विचारणारा विरळाच.

शेजारच्या रकान्यात उत्तर होतं. सरळ रेषेच्या पद्धतीला याच यंत्राचा दर ४.७५ टक्के. वीस वर्षं गुणिले ४.७५ म्हणजे ९५. उरले पाच. म्हणजे वीस वर्षांनी यंत्राची मोडीची किंमत मूळ किमतीच्या पाच टक्के राहील, असं धरलेलं. आता ०.०५ चं विसावं मूळ काढा, एकातून वजा करा. येतात बरोबर १३.९१ टक्के. विसावं मूळ हाताने काढायचं तर लॉगटेबल उघडावं लागतं. अनुसूचीने ते काम एकदाच करून ठेवलं होतं.

मग २०१३ चा कायदा आला. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, १ एप्रिल २०१४ पासून, दरच नाहीत! आहे ते उपयुक्त आयुष्य, आणि मोडीची किंमत साधारणपणे पाच टक्क्यांपर्यंत. दर तुमचा तुम्ही काढा. सर्वसाधारण यंत्राला पंधरा वर्षं दिली. सूत्रात घाला, दर येतो १८.१०. ओळखीचा वाटतो ना? जुन्या अनुसूचीतलं फर्निचर! कारखान्यातलं यंत्र आता खुर्ची-टेबलाच्या वेगाने झिजू लागलं. आणि फर्निचरला दहा वर्षं मिळाली, ते जाऊन बसलं मोटारीच्या २५.८९ वर.

खरी तारांबळ जुन्या यंत्रांची. समजा, १ एप्रिल २००८ ला दहा लाखांचं यंत्र घेतलं. सहा वर्षांनी वहीत उरले सुमारे ४ लाख ७ हजार. जुन्या दराने पुढच्या वर्षीचा घसारा साडेछप्पन्न हजारांच्या आसपास झाला असता. आता आयुष्य उरलं नऊ वर्षं, दर झाला २०.७८ टक्के, घसारा सुमारे साडेचौऱ्याऐंशी हजार. यंत्र तेच, पाळी तीच, नफा मात्र एका रात्रीत अठ्ठावीस हजारांनी कमी. ज्यांची पंधरा वर्षं आधीच भरली होती, अशा यंत्रांची शिल्लक तर थेट राखून ठेवलेल्या नफ्यातून वळती करायची सोय होती. ती यंत्रं कारखान्यात धडधडत असली तरी!

अशा वेळी 'डीबी' कामाला येतं. त्याला सांगायचं: किंमत, मोडीची किंमत, आयुष्य, कितवं वर्ष. पाचवी जागा पहिल्या वर्षातल्या महिन्यांची, आणि तीच लोक रिकामी सोडतात. रिकामी सोडली की ते बारा धरतं. १ ऑक्टोबरला घेतलेल्या दहा लाखांच्या यंत्रावर मार्चअखेर ९०,५०० यायला हवेत, तिथे १,८१,००० येतात.

मोडीची किंमत शून्य टाकलीत तर? शून्याचं कुठलंही मूळ शून्यच. दर शंभर टक्के, सगळं यंत्र पहिल्याच वर्षी खलास. म्हणून या पद्धतीत ते पाच टक्के नुसती कायद्याची सवय नाही, त्यांच्याशिवाय गणितच उभं राहत नाही.

आणखी एक खोड. हे फंक्शन दर तीन दशांशांपर्यंतच धरतं, ०.१८१. दहा लाखांच्या यंत्रावर पंधरा वर्षांनी पन्नास हजारांऐवजी सुमारे ५०,०३३ उरतात. हे तेहतीस रुपये ऑडिटर विचारतोच.