टाकीतला गंज : एक ब्रिटिश मोटार, उसाचे अल्कोहोल आणि वैरागचा पत्रा

मोटारींचा इतिहास लिहिणारे इंजिनाविषयी भरभरून लिहितात. घडणीविषयी, वेगाविषयी, मालकांच्या थाटामाटाविषयीही लिहितात. पेट्रोलच्या टाकीवर मात्र सहसा कोणी परिच्छेदभरही खर्च करत नाही. टाकी म्हणजे एक डबा. गळू नये एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. पण गेली काही वर्षे जुन्या यंत्रांच्या नोंदी गोळा करताना माझे मत बनले आहे, की मोटारीच्या सगळ्या भागांत इतिहास सर्वांत प्रामाणिकपणे साठतो तो टाकीत. गाडी कोणत्या कारखान्यात घडली ते इंजिन सांगते. ती ज्या देशात आयुष्यभर धावली त्या देशाने तिला काय पाजले, ते टाकीचा तळ सांगतो.

वैराग हे बार्शी तालुक्यातले, बार्शी-सोलापूर रस्त्यावरचे बाजाराचे गाव. इथे ब्रिटिश स्पोर्ट्स मोटार दिसण्याचे तसे काही कारण नाही. मोटार आलीही नाही. आली ती फक्त तिची टाकी. जुन्या गाड्या जपणाऱ्या एका परिचितांची १९४८ सालची एमजी टीसी टाकी सडल्यामुळे उभी होती. परदेशातून तयार टाकी मागवण्याचा खर्च आणि त्यावरचा कर ऐकून ते थबकले होते. आमच्या गावात धान्याच्या कोठ्या आणि पाण्याच्या टाक्या करणारे एक वयस्कर पत्रा-कारागीर आहेत. त्यांचे काम मी सुचवले आणि काम सुरू असताना आठ दिवस तिथे बसून राहिलो. हा लेख त्या आठ दिवसांत जमलेल्या प्रश्नांचा आहे.

आधी गाडीविषयी. एमजी म्हणजे मूळची ऑक्सफर्डची ‘मॉरिस गॅरेजेस’. तिथल्या सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिस गाड्यांवर हलक्या, चपळ अंगाच्या मोटारी बांधायला सुरुवात केली आणि पुढे अ‍ॅबिंग्डनला स्वतंत्र कारखाना उभा राहिला. महायुद्ध संपल्यावर १९४५च्या अखेरीस तिथून टीसी हे मॉडेल बाहेर पडले आणि १९४९पर्यंत सुमारे दहा हजार गाड्या तयार झाल्या. इंजिन १२५० सीसीचे, अंगाचा सांगाडा अ‍ॅश लाकडाचा, त्यावर पत्रा. युद्धाने कर्जबाजारी झालेल्या ब्रिटनमध्ये निर्यात करणाऱ्या कारखान्यालाच पोलादाचा वाटा नीट मिळे. त्यामुळे या गाड्या मोठ्या संख्येने परदेशी गेल्या. टीसीचे सुकाणू उजव्या बाजूलाच असे, ते आपल्या रस्त्यांना सोयीचे होते.

या गाडीची टाकी लपलेली नसते. आसनांच्या मागे, गाडीच्या पाठीवर ती उघडी बसवलेली असते. दोन धातूच्या पट्ट्यांनी आवळलेली आणि तिच्याही मागे जादा चाक. साडेतेरा गॅलन, म्हणजे सुमारे ६१ लिटर पेट्रोल त्यात मावते. गाडीत पेट्रोल दाखवणारा काटा नाही. साठा तळाला आला की समोरच्या फळीवर एक हिरवा दिवा लागतो, एवढीच सूचना. म्हणजे टाकी हा या गाडीच्या रूपाचा भाग आहे. ती बदलायची तर नुसते भोक बुजवून भागत नाही. तिची कड, तिचा उतार, तिचे झाकण सगळे जसेच्या तसे यावे लागते.

त्या काळी अशा टाक्यांसाठी शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा सर्रास वापरत. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांना नवसागर टाकून कथलाची कल्हई करत, त्याचाच हा कारखानदारी भाऊबंद म्हणायला हरकत नाही. कल्हई पोटातल्या अन्नाला धातूपासून वाचवते. टाकीतला मुलामा पोलादाला पाण्यापासून वाचवतो. पेट्रोलच्या टाकीत पाणी कुठून येते? हवेतून. टाकीला श्वास घ्यावा लागतो. पेट्रोल कमी होते तसतशी आत हवा शिरते. रात्री पत्रा गार पडला की त्या हवेतली वाफ आतल्या अंगाला घाम धरते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून थेंब तळाशी जातात आणि तिथेच बसतात. गाडी रोज धावत असेल तर पेट्रोल बदलत राहते. वर्षानुवर्षे अर्ध्या टाकीने उभी असेल तर तळ कुजतो. बाहेरून आणखी एक शत्रू असतो : पट्टी आणि टाकी यांच्यामध्ये घातलेली नमद्याची किंवा कापडाची चिंधी. पावसाचे पाणी ती धरून ठेवते आणि गंज नेमका पट्टीखाली, डोळ्याआड सुरू होतो.

वैरागला आलेल्या टाकीचा तळ कारागिरांनी कापून उघडला. कापण्याआधी दोन दिवस ती वाफेने आणि गरम पाण्याने धुतली गेली. हे सांगणे आवश्यक आहे, कारण भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक असते. पेट्रोल संपते, पण वाफ राहते. ती हवेपेक्षा जड असते आणि एका ठिणगीत टाकीचा बॉम्ब होतो. उघडलेल्या तळाला आतून-बाहेरून मिळून पाच जुने डाग दिसले. दोन शिशाच्या झाळेने नीट बसवलेले, एक पितळी पत्र्याचा, एक गॅसने वितळवून ओबडधोबड भरलेला आणि शेवटचा कुठल्याशा राळेच्या लेपाचा. त्या लेपाची साल निघाली होती आणि तिचे तुकडे पेट्रोलच्या नळीच्या तोंडाशी अडकले होते. पाच डाग म्हणजे किमान पाच हात आणि हातांच्या मागे पाच वेगवेगळे काळ. ही टाकी आपल्या देशात एवढी वर्षे का टिकवावी लागली, याचे उत्तर याच डागांत आहे.

पंप येण्यापूर्वी पेट्रोल डब्यांतून विकले जाई आणि रॉकेल चार गॅलनच्या चौकोनी डब्यांतून खेडोपाडी पोचे. रिकामा डबा फेकून देणे आपल्या लोकांच्या स्वप्नातही नव्हते. त्याची बादली झाली, शेगडी झाली, धान्य ठेवायची पेटी झाली, झोपडीचे छप्पर झाले. तालुक्याच्या गावचा पत्रा-कारागीर याच डब्यांवर हात बसवत असे. मोटार आली तेव्हा तिच्या टाकीला डाग द्यायला माणूस आधीपासून तयार होता. तो शिकला होता रॉकेलच्या डब्यावर.

मग युद्ध आले. १९४२मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथले तेल बंद झाले. पेट्रोलला रेशन लागले. बसगाड्यांच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या बसवून त्या गॅसवर गाड्या चालवल्या गेल्या. घाट चढताना उतारूंना खाली उतरावे लागे, अशा आठवणी जुन्या पिढीकडून आपण ऐकल्या आहेत. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी १९४९ साली तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली. देशात निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या परदेशी कंपन्या पुढच्या काही वर्षांत निघून गेल्या. त्याआधी आलेल्या ब्रिटिश गाड्यांना सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले. टाकी गळली तर डाग. पुन्हा गळली तर डागावर डाग. ज्याला आज ‘जुगाड’ म्हणून हसून सोडून देतात, ती त्या काळाच्या आर्थिक धोरणाची हाताने लिहिलेली नोंद आहे.

याच काळात एक दुसरा धागा सोलापूर जिल्ह्यात विणला जात होता. १९३२च्या संरक्षण कायद्यानंतर देशात साखर कारखाने झपाट्याने वाढले. माळीनगर आणि श्रीपूर इथले कारखाने त्याच दशकातले. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या आयुष्यात तर हे दोन्ही धागे एकत्र आले. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेचे कंत्राट घेऊन त्यांनी बांधकामाच्या धंद्यात पाय रोवले, पुढे वालचंदनगरला साखर काढली आणि १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी स्थापन केली.

साखरेबरोबर मळी येते आणि मळीपासून अल्कोहोल. हे अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळावे ही कल्पना आजची नाही. म्हैसूर संस्थानात मंड्याला तो प्रयोग स्वातंत्र्यापूर्वीच झाला होता. आमची टीसी अ‍ॅबिंग्डनला तयार झाली त्याच १९४८ साली भारतात ‘इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट’ मंजूर झाला. खुद्द इंग्लंडमध्ये ‘क्लीव्हलँड डिस्कॉल’ या नावाचे अल्कोहोलमिश्रित पेट्रोल १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून कित्येक वर्षे पंपांवर मिळत होते. तेव्हा ‘जुन्या ब्रिटिश गाड्यांना अल्कोहोल ठाऊकच नव्हते’ हे जे आज छातीठोकपणे सांगितले जाते, ते इतिहासाला धरून नाही.

आपल्याकडे मात्र तो कायदा कागदावरच अधिक राहिला. मुंबईच्या तुर्भे भागात १९५४-५५मध्ये तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, पेट्रोल मुबलक झाले आणि मळीच्या अल्कोहोलला दारू व रसायने या दोन वाटा उरल्या. २००० साली कायदा रद्द झाला. गंमत अशी की दुसऱ्याच वर्षी, २००१मध्ये, पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. तीनपैकी दोन ठिकाणे महाराष्ट्रातली होती : मिरज आणि मनमाड. २००३पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण आले, २०२२मध्ये देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३मध्ये वीस टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि दोनएक वर्षांत तेच सर्वत्र झाले.

इथे माझ्यासारख्या माणसाची कुचंबणा होते. इथेनॉल पाणी ओढून घेते. ठरावीक मर्यादेपर्यंत ते पाणी मिश्रणात विरघळून राहते. मर्यादा ओलांडली की अल्कोहोल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. सतत चालणाऱ्या आणि त्यासाठीच घडवलेल्या नव्या गाडीला त्याचा फारसा त्रास नाही. उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीच्या टाकीला मात्र तो थर खातो. शिशाचा मुलामा, जस्त, जुने रबर यांना हे मिश्रण मानवत नाही. जुन्या गाड्यांत बुचाचे तरंगे लाखेचा थर देऊन वापरलेले असत; लाख तर अल्कोहोलमध्ये सरळ विरघळते. टाकीतल्या त्या पाचव्या डागाची साल कशाने निघाली असावी, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

पण मी ज्या तालुक्यात राहतो तिथे इथेनॉल हा शब्द उसाच्या बिलाशी जोडलेला आहे. डिसेंबर २०२३मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध घातले, तेव्हा आमच्या भागातल्या पारांवर चर्चा झाली ती बिले थकण्याची. कुणाच्या हौसेच्या गाडीची नव्हे. मूठभर जुन्या गाड्यांसाठी देशाने इंधन बदलावे, असे म्हणण्याचा नैतिक अधिकार मला वाटत नाही. त्याच वेळी, गंजून गेलेली प्रत्येक टाकी आपल्याबरोबर एक दस्तऐवज घेऊन जाते, हेही मला विसरता येत नाही. तोडगा इंधनात शोधण्यापेक्षा टाकीत शोधणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

नवी टाकी करताना कारागिरांनी आधी जुनीचे माप जाड पुठ्ठ्यावर उतरवले. पत्रा स्टेनलेस स्टीलचा घेतला; पाणी आणि अल्कोहोल दोन्ही त्याला सोसते. आत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून भोके पाडलेले आडवे पडदे असतात, तेही जुन्याच जागी बसवले. कडा लाकडी हातोड्याने वळवल्या, सांधे आर्गॉन वायूच्या वेल्डिंगने जोडून घेतले. मग तोंडे बंद करून आत अगदी हलका हवेचा दाब दिला आणि सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवले. एका कोपऱ्यात बारीक बुडबुडे आले. तो सांधा पुन्हा केला. पट्ट्यांखाली नमद्याऐवजी पाणी न धरणारी रबरी पट्टी आली. नळ्याही अल्कोहोल सोसणाऱ्या रबराच्या घेतल्या.

आता प्रश्न अस्सलपणाचा. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम जाहीर केले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात जपलेली वाहने त्यांत येतात आणि चासी, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. टाकीचा त्यात उल्लेख नाही. कायद्याच्या दृष्टीने टाकी बदलली तरी गाडी तीच राहते. जगभरच्या जुन्या मोटारींच्या संघटनांनी २०१३मध्ये स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेचा गाभाही असाच आहे : गाडी वापरात ठेवा, बदल कमीत कमी करा आणि जे कराल ते नोंदवून ठेवा.

या शेवटच्या मुद्द्यावर आपण कमी पडतो असे मला वाटते. आपल्याकडे जुना भाग काढला की तो भंगारात जातो. किलोच्या भावाने त्याचे मोल ठरते. मूर्तीचा तुटलेला हात आपण संग्रहालयात ठेवतो, ताम्रपटाचा गंज चिमटीने काढतो आणि पाच पिढ्यांच्या कारागिरीची साक्ष देणारी टाकी वजनकाट्यावर टाकतो. ज्या कारागिरांनी ते डाग दिले त्यांची नावे कोणत्याही कागदावर नाहीत. त्यांचे अक्षर म्हणजे ती झाळ. ती गेली की ते गेले.

म्हणून मालकांना मी दोन गोष्टी सुचवल्या आणि त्या त्यांनी मानल्या. नव्या टाकीच्या तळाला, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, साल आणि ‘वैराग’ ही अक्षरे छिन्नीने कोरली गेली, म्हणजे पन्नास वर्षांनी ती उतरवणाऱ्याला ती मूळची समजून फसायला होणार नाही. जुनी टाकी त्यांनी गाडीबरोबरच ठेवली आहे. तिचा कापलेला तळ तारेने बांधला आहे आणि पाचही डागांना क्रमांक दिले आहेत. तिसरा डाग पितळी आहे. तो कुणाच्या घरच्या भांड्याचा असेल, असे कारागीर म्हणाले. त्यांनी तो बोटाने पुसून पाहिला तेव्हा त्याची कड अजूनही घट्ट होती.