मोठ्या डोंगरापाशी

बॉस्टनला आल्यावर मी सगळ्यात आधी काय शिकलो असेन, तर मॅसॅच्युसेट्सचं स्पेलिंग! फॉर्म भरताना दर वेळी एखादा एस नाहीतर टी कमी-जास्त व्हायचा. एका रविवारी वैतागून ठरवलं, या नावाचं पार्सिंगच करून टाकू.

मॅसा म्हणजे मोठा. अड्चु म्हणजे डोंगर. आणि एट म्हणजे 'च्या ठिकाणी'. आपण नाही का 'डोंगरापाशी' म्हणतो, शब्दाला शेपूट जोडून? तसंच. हा मोठा डोंगर म्हणजे शहराच्या दक्षिणेचा ग्रेट ब्लू हिल. उंची जेमतेम ६३५ फूट! सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला हसूच येईल. पण इथल्या किनाऱ्यावर तोच उठून दिसतो. त्याच्या आसपास राहणारे ते मॅसॅच्युसेट लोक. शेवटचा एस नंतर इंग्रजीने चिकटवला.

शेजारचं कनेटिकट म्हणजे 'लांब, भरतीच्या नदीकाठी'. समुद्राची भरती या नदीत खरोखरच साठेक मैल आत शिरते. शिकागो हे रानलसणीवरून, मिसिसिपी म्हणजे मोठी नदी. भाषा वेगवेगळ्या, पण घराणं एकच, अल्गॉन्क्वियन.

इथवर मजा वाटत होती. मग प्रश्न पडला, ही नावं ठेवणारे गेले कुठे?

१६६३ साली केंब्रिजमध्ये जॉन एलियटने इथल्याच भाषेत बायबल छापलं. अमेरिकेत छापलेलं हे पहिलं संपूर्ण बायबल, इंग्रजीतलं नव्हे! ते छापायला जेम्स प्रिंटर नावाचा निपमक माणूस राबला. बारा वर्षांनी, १६७५ च्या युद्धात, ते बायबल वाचणाऱ्या नेटिकच्या ख्रिस्ती लोकांनाच इंग्रजांनी बंदरातल्या डिअर आयलंडवर नेऊन ठेवलं. हिवाळ्यात कितीतरी जण भुकेने, थंडीने गेले. आज तिथे सांडपाण्याचा कारखाना आहे.

एकोणिसाव्या शतकात भाषाही थांबली. पण गोष्ट तिथे संपत नाही. १९९३ मध्ये वॅम्पनोआग जमातीच्या जेसी लिटल डो बेअर्ड यांनी ती परत उभी करायला घेतली. एमआयटीत भाषाशास्त्र शिकल्या. हाताशी काय, तर ते बायबल आणि पूर्वजांनी स्वतःच्या भाषेत लिहिलेले जुने कागद, त्यात जमिनीची खरेदीखतंसुद्धा!

ज्या कागदांवर जमीन गेली, त्याच कागदांतून भाषा परत आली. आता स्पेलिंग चुकलं की मी वैतागत नाही. मनात म्हणतो, मोठ्या... डोंगरा... पाशी. बरोबर येतं.