केंड, म्हाकूल आणि सोडियमचं दार

मंडळी, मालवणच्या किनाऱ्यावर केंड म्हटलं की रापणकरांच्या कपाळाला आठ्या पडतात. जाळी फाडतो, जाळ्यातली म्हाकुलं कुरतडतो आणि खायच्या उपयोगाचा नाही. पण केंड आणि म्हाकूल, दोघांनीही वैद्यकाच्या इतिहासाला हात दिलेला आहे. तो इतिहास आज थोडक्यात बघू. आपला प्रश्न असा: एकाच क्रियेला आपण कधी विष म्हणतो, कधी औषध, हे ठरतं कशावरून?

आधी म्हाकूल. त्याच्या जातभाईंची एक मज्जातंतू डोळ्यांना दिसेल इतकी जाड असते. हॉजकिन आणि हक्सली यांनी तिच्यावर प्रयोग करून १९५२ साली दाखवलं की, सोडियम आत शिरतं म्हणून संदेश पुढे जातो. ते आत येण्याची वाट, म्हणजे आपलं ‘दार’. १९६३ साली त्यांना नोबेल मिळालं.

आता केंड. १७७४ साली न्यू कॅलेडोनियाला कॅप्टन कुकने अशाच माशाचं काळीज नुसतं चाखलं, तर रात्री हातपाय बधिर झाले. १९०९ साली जपानच्या ताहारांनी या विषाला टेट्रोडोटॉक्सिन नाव दिलं. १९६४ साली नाराहाशींनी दाखवलं की, ते नेमकं सोडियमचं दार बंद करतं. बाहेरून बूच बसावं तसं.

दात काढताना देतात ते लिडोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालं. तेही हेच दार अडवतं, पण आतून. आणि जे दार पुन्हापुन्हा उघडतं, त्याला ते जास्त चिकटतं. हे लक्षात ठेवा.

१८८६ साली जर्मनीत ऑयलेनबुर्ग यांनी एका आनुवंशिक आजाराचं वर्णन केलं. थंडीत स्नायू आखडतात, वळलेली मूठ लवकर सुटत नाही. १९९२ साली कारण कळलं: स्नायूतल्या सोडियमच्या दाराच्या जनुकात बदल झालेला असतो, दार वेळेवर मिटत नाही. अशा दाराला आवर घालायला लिडोकेनचंच भावंड, पोटात घेता येणारं मेक्सिलेटिन, कामी आलं. २०१२ साली ५९ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आखडणं कमी झालं होतं.

आणि गंमत बघा, केंडाच्या स्नायूतलं दारही बदललेलंच आहे. जपानी केंडात एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरं आलं आणि विषाची पकड सुटली. माणसाच्या दारातला बदल आजार ठरला, केंडाच्या दारातला कवच. म्हणजे विष, औषध, दोष हे शब्द नुसत्या पदार्थाला लावून भागत नाही. तो कुठल्या दाराशी गाठ घालतो, ते बघावं लागतं.

याचा व्यवहारातला अर्थ साधा आहे. केंड शिजवूनही विष जात नाही, त्यावर उतारा नाही. बाधा झाली तर श्वास चालू ठेवायला तातडीने इस्पितळच गाठावं लागतं. आणि बर्फातली मासळी निवडताना कुणाची बोटं वारंवार आखडत असतील, घरात आणखी कुणाला तसं होत असेल, तर त्याला कामचुकार म्हणू नका. मज्जाविकारतज्ज्ञाकडे न्या. औषध मात्र हृदयाची तपासणी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.